वारा कुठला आणि किती?

गेल्या आठवड्यात आमची चौथीतली पुतणी पुस्तक घेऊन सासूबाईंकडं आली. "आजी, पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडं चाललेला ना?" मी सांगायला तोंड उघडणार, तोवर सासूबाईच म्हणाल्या, "तुझ्या काकूला गावात काय म्हणतात? फलटणची. मग ती काय फलटणला चाललीय? तिथनं आलीय. वाऱ्याचं बी तसंच."

मला शिक्षकी पेशात असूनही इतकं सोपं सांगता आलं नसतं. वाऱ्याला नाव मिळतं ते त्याच्या माहेराचं. पश्चिमेकडून येतो तो पश्चिमेचा वारा. आपल्याकडं पावसाळा आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारेसुद्धा नैर्ऋत्येकडून, म्हणजे दक्षिण आणि पश्चिम यांच्या मधल्या दिशेनं, अरबी समुद्रावरून येतात.

मुलं इथं हमखास चुकतात, कारण डोळ्यांना दिसतं ते उलटं. देवळावरचा झेंडा पूर्वेकडं फडफडत असेल तर वारा पश्चिमेचा. चुलीचा धूर पूर्वेला झुकला, तरी वारा पश्चिमेचाच. खळ्यावर ज्वारी उफणताना दाणे जवळ पडतात आणि भुसा लांब जातो. तो जातो त्याच्या उलट बाजूनं वारा येतो. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, तरी चुकीच्या बाजूला उभं राहून डोळ्यांत भुसा घेणारी बाई मी तरी पाहिलेली नाही.

मुलांकडून दिशादर्शक बाण करून घ्या. एक हलकी काडी घ्या. एका टोकाला जाड पुठ्ठ्याचं लहान टोक आणि दुसऱ्या टोकाला पातळ कागदाचं मोठं शेपूट लावा. काडी बोटावर तोलून धरा, जिथं तोल राहील तिथं टाचणी घालून पेन्सिलीच्या मागच्या रबरात खोचा. काडी मोकळी फिरली पाहिजे. शेपूट मोठं असल्यानं वारा त्यालाच जास्त ढकलतो, शेपूट मागं जातं आणि टोक वाऱ्याच्या तोंडाकडं वळतं. म्हणजे झेंडा दाखवतो वारा कुठं चालला ते, आणि बाण दाखवतो कुठून आला ते. मुलांना दोन्ही एकाच वेळी दाखवा, मग घोळ राहत नाही. मात्र बाण अंगणात लावू नका. भिंतीला आपटून वारा वळतो. आमचा बाण अंगणात दर घटकेला वेगळं काही सांगत होता. माळावर नेला तेव्हा नीट बोलला.

आता वेग. रुईची म्हातारी सगळ्या पोरांना ठाऊक. मोकळ्या जागी १० मीटरवर दोन दगड ठेवा, पहिल्या दगडापाशी म्हातारी सोडा आणि दुसऱ्यापर्यंत पोचायला किती सेकंद लागले ते मोबाईलवर मोजा. ५ सेकंद लागले तर वारा सेकंदाला २ मीटर चालला. त्याला ३.६ नं गुणलं की ताशी ७.२ किलोमीटर झाले. चार-पाच वेळा करून सरासरी काढा, एखादी म्हातारी मध्येच झुडपात अडकते.

म्हातारी नसेल तर नुसतं पाहूनही अंदाज येतो. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ साली समुद्रावर पाहून वाऱ्याचे ० ते १२ असे अंक ठरवले. पुढं जमिनीवरच्या खुणाही त्याला जोडल्या गेल्या. धूर सरळ वर गेला तर शून्य. पानं सळसळली, चेहऱ्याला वारा लागला तर दोन, म्हणजे ताशी ६ ते ११ किलोमीटर. धूळ आणि कागद उडू लागले तर चार, ताशी २० ते २८. छत्री सांभाळता येईना झाली की सहा, ताशी ४० च्या आसपास किंवा त्याहून जास्त. बारा म्हणजे ताशी ११८ च्या पुढं. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाचा वेग ताशी १०० च्या वर होता. नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या त्या त्यात.

हे सगळं पुस्तकापुरतं वाटेल, म्हणून फवारणीचं सांगते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. कारणं बरीच होती, पण उडालेलं औषध नाकातोंडात जाऊ नये यासाठी वारा ओळखता यायलाच हवा. धूळ उडवणाऱ्या वाऱ्यात फवारू नये. अगदी पडलेल्या हवेतही नको, कारण तेव्हा बारीक थेंब जागच्या जागी तरंगत राहतात. पानं नुसती सळसळतात तेवढा वारा बरा. वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेच्या बांधापासून सुरुवात करायची. दक्षिणोत्तर चालायचं, नळी पूर्वेकडं धरायची आणि एकेक ओळ पश्चिमेला सरकत यायचं. म्हणजे फवारलेलं रान कायम वारा जातो त्या बाजूला राहतं. तोंडाला फडकं आणि हातात मोजे तरीही हवेतच.

आणि पाणी द्यायला, औषध कालवायला आपण बायका असतो, तेव्हा लेकरू बांधावर असतं. परवा आमच्या पुतणीनं बाण बांधावर रोवला, थोडा वेळ पाहिला आणि पूर्वेच्या लिंबाला बांधलेली धाकट्या भावाची झोळी सोडायला लावली. आता ती पश्चिमेच्या बाभळीला, रानापासून चांगली लांब बांधलेली आहे. सावली कमी आहे म्हणून सासूबाई कुरकुरल्या. वर गोधडी टाकून दिली.