आर्मीला फुल फॉर्म नसतो

ठाण्यात खोपटला भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या तोंडून एक उत्तर मी पुन्हा पुन्हा ऐकतो. आर्मीचा फुल फॉर्म? ‘अलर्ट रेग्युलर मोबिलिटी यंग’. व्हॉट्सअ‍ॅपवर हे फिरतं आणि पोरं ते छातीठोकपणे सांगतात. अरे, या चार शब्दांचा एकमेकांशी काही मेळ तरी लागतो का?

आर्मीला फुल फॉर्म नाही. लॅटिन ‘आर्मा’ म्हणजे शस्त्रं. त्यावरून ‘आर्माता’, म्हणजे शस्त्रसज्ज. त्याचं फ्रेंचमध्ये ‘आर्मे’ झालं आणि १४व्या शतकात ते इंग्रजीत पोचलं. पटत नसेल तर ऑक्सफर्डचा कोश उघडा. आद्याक्षरं जोडून शब्द घडवायची टूम रुळली ती विसाव्या शतकात. ‘रडार’ हा तिचा अस्सल नमुना: रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग. हे नाव अमेरिकी नौदलाने १९४० मध्ये घेतलं.

गंमत म्हणजे याच ‘आर्माता’ची दुसरी शाखा आपल्या घरातच आहे. पोर्तुगीजांनी तिचं ‘आर्मादा’ केलं आणि मराठीने त्याचं ‘आरमार’. त्यात नवल नाही. ठाणं १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडेच होतं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी इथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू केली, तेव्हा कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. हे सांगितलं की काहीजण चिडतात: आरमार परकं कसं? शब्द परका आहे, गलबतं नव्हेत. ‘तोफ’ हा शब्द तुर्की आहे, म्हणून रायगडावरची तोफ काही तुर्कांची होत नाही.

बाकीचे गैरसमज झटपट. पोलीस म्हणजे ‘पोलाइट, ओबीडियंट, लॉयल’ वगैरे नव्हे. मुळाशी ग्रीक ‘पोलिस’, म्हणजे नगर. सोल्जर मिठावरून आलेला नाही. मीठ शोधायचं तर सॅलरीत शोधा. सोल्जर ‘सोलिडस’ या रोमन सोन्याच्या नाण्यावरून आला, म्हणजे पगारी माणूस. ‘नेव्ही’ संस्कृत ‘नौ’मधून निघाला नाही, लॅटिन ‘नाविस’मधून निघाला, कूळ एक, घरं वेगळी. लेफ्टनंटचा डाव्या बाजूशी संबंध नाही. फ्रेंचमध्ये तो दुसऱ्याची जागा सांभाळणारा. आणि अ‍ॅडमिरल ‘अ‍ॅडमायर’वरून नाही, अरबी ‘अमीर’वरून, आपल्या अमीर-उमरावांतला. कान्होजी आंग्र्यांना इंग्रजी पुस्तकं अ‍ॅडमिरल म्हणतात खरी. पण त्यांचा किताब होता सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख.