मोटारखान्याची खोली करण्यापूर्वी

चेन्नईतील जुन्या स्वतंत्र घरांच्या एका अंगास पुष्कळदा मोटारखाना असतो. कुटुंब वाढले, वृद्ध आईवडिलांना जिना चढणे अवघड झाले, अथवा मोटारच विकली गेली, की या जागेची राहण्याची खोली करावी असा विचार मनात येतो. विचार योग्यच आहे. परंतु मोटारीस जे चालते ते माणसास चालेलच असे नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

पहिला प्रश्न उंचीचा. मोटार सहज आत यावी म्हणून मोटारखान्याची जमीन घराच्या जोत्यापेक्षा खाली ठेवतात. शिवाय डांबराचे थर चढून अनेक ठिकाणी रस्ताच उंच झालेला असतो. चेन्नई हे समुद्रकाठचे सपाट शहर असून तेथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीला महापूर आला. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या पावसाने शहराचे अनेक भाग जलमय झाले. अशा वेळी पाणी प्रथम घरातील सर्वांत सखल जागेत शिरते. त्याच जागी रात्री वृद्ध आई निजलेली असेल, तर काय प्रसंग ओढवेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

म्हणून जमीन भराव घालून निदान जोत्याइतकी उंच करावी आणि तीत ओल रोखणारा थर द्यावा. भरावानंतर छत किती उंच राहते, हे मात्र आधीच मोजावे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर हवी. तेवढी उरत नसेल, तर तेथे निजावयाची खोली करू नये. सामानाची कोठी करावी.

दुसरा प्रश्न उष्म्याचा. पत्र्याचे छत असल्यास ते बदलणेच इष्ट. काँक्रीटच्या छतावर विटांचे तुकडे व चुना यांचा थर देऊन वर भाजक्या मातीच्या फरश्या बसविण्याची चेन्नईतील पद्धत उपयुक्त आहे. दमट हवेत वारा खेळावा म्हणून खिडक्या समोरासमोर असाव्यात, त्यांना डासांची जाळी असावी आणि उघडणारा भाग खोलीच्या क्षेत्रफळाच्या एकषष्ठांश असावा.

विजेची बटणे व जोडण्या जमिनीपासून पुरेशा उंच बसवाव्यात. काम सुरू करण्यापूर्वी महानगरपालिकेची परवानगी घ्यावी. कारण इमारत नियमांनी वाहनांसाठी राखलेली जागा परस्पर बदलता येत नाही, आणि घरातील मोटार रस्त्यावर उभी केल्यास त्रास शेजाऱ्यांना होतो.

या कामी रंग व फरशी यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. प्रारंभी मोजपट्टी घ्यावी, गेल्या पुरात पाणी कोठवर चढले होते ते शेजाऱ्यांस विचारावे, आणि त्या खुणेच्या वर आपल्या माणसांचे अंथरूण राहील अशी तजवीज करावी.