वृद्धाहार

वृद्धावस्थेत शरीरक्रियांत होणाऱ्या बदलांना अनुसरून योजलेला आहार. भारतात सामान्यतः ६० वर्षे व त्यापुढील व्यक्तींच्या संदर्भात त्याचा विचार केला जातो. २०११ च्या जनगणनेत अशा व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सु. ८.६% होती. म्हातारपणी अन्न थोडे व हलके असावे, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. हालचाल मंदावल्यामुळे आणि स्नायूंचे वस्तुमान घटल्यामुळे ऊर्जेची गरज कमी होते. परंतु प्रथिने, खनिजे व जीवनसत्त्वे यांची गरज त्या प्रमाणात कमी होत नाही, काहींची तर वाढते. त्यामुळे थोड्या अन्नातून पूर्वीइतके किंवा अधिक पोषण कसे मिळवावयाचे, हा वृद्धाहारातील मुख्य प्रश्न ठरतो. स्थूलता व मधुमेह यांविषयी बरीच जागरूकता आली असली, तरी घरातील वृद्ध माणूस हळूहळू रोडावत जातो, याकडे ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष केले जाते.

वृद्धांचे अन्न घटण्याची कारणे अनेक आहेत. गंध व रुची यांची संवेदना क्षीण होते; दात पडल्यामुळे किंवा कवळी नीट न बसल्यामुळे भाकरी, उसळ, कोशिंबीर, शेंगदाणे हे पदार्थ एकामागून एक वगळले जातात; जठर लवकर भरल्यासारखे वाटते; काही औषधांनी भूक मंदावते. जोडीदाराच्या निधनानंतर एकट्यासाठी चूल पेटविण्याचा उत्साह राहत नाही. वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत सर्वांच्या शेवटी उरलेसुरले जेवण्याची जुनी सवय आणि उपासांची संख्या यांची भर पडते. उपासाला खाल्ला जाणारा साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो. त्यातून प्रथिन मिळते ते केवळ सोबतच्या दाण्याच्या कुटातून. मधुमेहावरील काही औषधे, विशेषतः इन्शुलिन, घेत असताना उपास केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

प्रथिने : वयाच्या चाळिशीच्या सुमारास सुरू होणारी स्नायूंची झीज साठीनंतर वेग घेते. अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये तिला ‘सार्कोपेनिया’ (ग्रीक भाषेत ‘मांसाची उणीव’) हे नाव सुचविले. तिचे परिणाम साध्या गोष्टींत दिसतात : खुर्चीतून उठताना हातांचा आधार घ्यावा लागतो, जिना चढवत नाही, तोल जाऊन पडण्याचे प्रसंग येतात. मांडीच्या हाडाची मान मोडली, तर अनेक वृद्ध पुन्हा पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. खाल्लेल्या प्रथिनापासून स्नायू घडविण्याची क्षमता उतारवयात मंदावत असल्याने प्रथिनांचे प्रमाण अधिक हवे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किग्रॅ. वजनास दररोज ०.८३ ग्रॅ. प्रथिने शिफारस केली. वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅ. असावीत, असे अनेक तज्ञांचे मत आहे. म्हणजे ५० किग्रॅ. वजनाच्या स्त्रीला ५० ते ६० ग्रॅ. प्रथिने हवीत. प्रत्यक्षात दोन भाकरी, थोडा भात, वाटीभर पातळ वरण आणि चहातील दूध यांतून जेमतेम २० ते २५ ग्रॅ. मिळतात. पेज किंवा वरणाचे वरवरचे पाणी पचण्यास हलके असते खरे. परंतु त्यात डाळ फारशी नसतेच. कपभर दूध, एक अंडे, वाटीभर मुगाची उसळ व मूठभर दाण्यांचा कूट यांची भर घातल्यास आणखी सु. २५ ग्रॅ. प्रथिने मिळतात. चावता येत नसेल, तर घट्ट वरण, धिरडी, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, मासळी असे पर्याय घरगुती स्वयंपाकातच उपलब्ध आहेत. प्रथिने एकाच जेवणात न घेता दिवसभरात विभागून घ्यावीत. सोबत उठबस वा चालण्याचा व्यायाम नसेल, तर त्यांचा पुरेसा उपयोग होत नाही. वृक्कविकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण वैद्याच्या सल्ल्यानेच ठरवावे.

खनिजे, जीवनसत्त्वे व पाणी : वरील परिषदेने वृद्धांसाठी दररोज १,२०० मिग्रॅ. कॅल्शियमाची शिफारस केली आहे. दूध, दही, तीळ व नाचणी हे त्याचे चांगले स्रोत होत. नाचणीच्या १०० ग्रॅ. धान्यात सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते व मोड आणल्यास ते अधिक शोषले जाते. उतारवयात त्वचेत ड जीवनसत्त्व कमी तयार होते आणि घराबाहेर पडणेही कमी होते. जठरातील अम्ल घटल्यामुळे ब१२ जीवनसत्त्वाचे शोषण नीट होत नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत आणि दूधही न घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तींत याची त्रुटी विशेष संभवते. तिच्यामुळे होणारी विस्मृती व पायांतील बधिरता वार्धक्याची लक्षणे समजली जाऊन उपचाराविना राहतात. मिठाचे प्रमाण दिवसाला ५ ग्रॅ.पेक्षा कमी असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोणचे व पापड यांतील मीठही त्यात धरावयाचे असते. जेवणाबरोबरच्या चहाने लोहाचे शोषण घटते. तहानेची जाणीव बोथट होत असल्याने तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, आंबील घेत राहावे. रात्री उठावे लागते म्हणून पाणी टाळण्याची सवय बद्धकोष्ठ वाढविते. हृदय किंवा वृक्क यांच्या विकारात पाण्याचेही प्रमाण ठरवून घ्यावे लागते.

पथ्याचा अतिरेक हेही कुपोषणाचे एक कारण आहे. साखर, मीठ, तूप, भात, डाळ असे एकेक पदार्थ वेगवेगळ्या आजारांसाठी बंद होत गेले, की ताटात चहा-बिस्किटांखेरीज फारसे काही उरत नाही. ऐंशीच्या पुढे गेलेल्या कृश व्यक्तीला चमचाभर तुपाची मनाई करण्यापासून लाभ क्वचितच होतो. वॉरफेरीन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या पूर्ण सोडण्याची गरज नसते; त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवणे महत्त्वाचे असते.

पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या वृद्धांना गिळताना ठसका लागतो. पातळ पदार्थ श्वासनलिकेत सहज शिरतात, त्यामुळे त्यांना दाटसर अन्न, ताठ बसवून, लहान घासांनी भरवावे लागते. घरच्या घरी लक्ष ठेवण्यास वजनकाटा पुरेसा आहे : प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५% किंवा अधिक वजन उतरल्यास वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. अंथरुणाला खिळलेल्यांचे वजन करणे शक्य नसल्यास पोटरीचा घेर मोजतात. तो ३१ सेंमी.पेक्षा कमी भरल्यास स्नायूंची झीज झाल्याचा संशय घेतला जातो.