बोरीची वहिवाट

घोडनदीच्या अलीकडच्या शिरूरच्या पठारावर आणि भीमेपलीकडील दौंडच्या माळावर पाऊस पोहोचतो तो बव्हंशी सह्याद्रीत रिता होऊनच. म्हणून या मुलखात झाड लावणे म्हणजे प्रथम त्याच्या मुळाशी तह करणे होय, हे मला दोन कलमी बोरी गमावल्यावर उमगले. पिशवीच्या तळाशी वेटोळे घालून बसलेले त्यांचे सोटमूळ खड्ड्यात उतरल्यावरही सरळ झाले नाही आणि पहिल्याच वैशाखात दोन्ही वाळल्या. शेजारचे वृद्ध शेतकरी एवढेच म्हणाले, "बोर लावू नगा, आठळी टोका."

तदनुसार संक्रांतीच्या सुगडांतून उरलेल्या गावठी बोरांच्या आठळ्या धुऊन सावलीत वाळविल्या. ज्येष्ठात पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ आठळ्या वगळून, उरलेल्यांचे कवच हलकेच तडकवून, दिवसभर भिजवून, बांधालगतच्या मुरमाड जमिनीत दोन बोटे खोल टोकल्या. रोप हातभर होईतो शेळ्यांपासून रक्षणार्थ बाभळीच्या फांद्यांचा फास लावला; पुढे एक सरळ व एक आकड्यासारखा अशा जोडकाट्यांनी तो बंदोबस्त झाडानेच आपल्याकडे घेतला.

चौथ्या भाद्रपदात पानांच्या बगलेत हिरवट-पिवळी, मोहरीएवढ्या कळ्यांची फुले आली. त्यांचा किंचित उग्र दर्प आपल्याला रुचत नाही, परंतु माश्यांना आणि गांधीलमाश्यांना तेच निमंत्रण असते. पांढुरक्या लवेच्या पानांवर चिमुकल्या निळ्या फुलपाखरांच्या अळ्या चरतात आणि त्यांच्या गोड स्रावाच्या मोबदल्यात मुंग्या त्यांची राखण करतात. या दरबारात औषध फवारणे अप्रशस्त वाटल्याने फळमाशीने पुष्कळ बोरे किडविली. बाजाराच्या हिशेबी ते पीक बुडीतच धरावे लागेल.

परंतु पौषात बुलबुल आणि पोपट येतात, रात्री कोल्हा येतो. चौफुल्याच्या दक्षिणेस सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात ज्यांच्यासाठी माळ राखला आहे, ते चिंकारेही बोरीचा पाला नि फळे आवडीने खातात. सातबाऱ्यावर नाव माझे असले, तरी फळांची वहिवाट यांचीच.

गेल्या पावसाळ्यात बांधापलीकडे, कोल्ह्याच्या वाळल्या विष्ठेतून, मी न टोकलेली तीन रोपे वर आली. त्यांना फास लावण्याचा मोह मी आवरला. एक शेळीने खाल्ले, दोन उभी आहेत.