सुगंधी तेलाची बाटली जपूनच हाताळावी

फाल्गुनाच्या सुमारास वेंगुर्ल्याजवळच्या आसोलीत सुरंगी फुलते आणि तिचे वळेसर सिंधुदुर्गातील बाजारांत दरवळू लागतात. केसांत माळलेल्या फुलांनी सहसा कुणाला अपाय होत नाही. बाटलीतल्या अर्काचे मात्र तसे नाही.

फुले वा पाने वाफवून ती वाफ थंड केली की सुगंधी तेल आणि त्याचा लवलेश असलेले पुष्पजल वेगळे होते. गुलाबपाणी हे असेच पुष्पजल. तेल त्याहून कितीतरी तीव्र. शिवाय ते पाण्यात विरघळत नाही. आंघोळीच्या बादलीत टाकलेले थेंब वर तरंगतात, तसेच अंगाला लागतात आणि त्वचेची आग होते. १० मिलीलिटर खोबरेल तेलात चार थेंब, एवढे मिश्रण मोठ्यांना पुरते.

खरी भीती आहे ती सर्दीसाठी घरोघरी ठेवलेल्या निलगिरी तेलाची. चमचाभर, म्हणजे ५ मिलीलिटर तेलही पोटात गेल्यास लहान मुलाला झटके येऊ शकतात. कापराचेही तेच. तान्ह्या बाळाच्या नाकाला ही औषधे चोळण्याची सवय म्हणूनच घातक. मुलाने तेल प्यायल्यास उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसांत उतरण्याचा धोका असतो. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

पुष्पजलाची गोष्ट निराळी. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते लवकर नासते. ते फ्रिजमध्ये ठेवावे, गढुळले तर फेकून द्यावे. उघड्या बाटलीतले गुलाबपाणी डोळ्यांत घालणे तर टाळावेच. ते निर्जंतुक नसते.