परदेशातून निधी आलाय म्हणतात? आधी हे तपासा

करकंब (ता. पंढरपूर) : ओढा खोल करायला, झाडं लावायला परदेशातून निधी मंजूर झालाय, असं सांगत कुणी गावात आलं तर घाई करू नका. असा पैसा खेड्यात येतो, हे खोटं नाही. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत ‘वॉटर’ संस्थेनं जर्मनीच्या मदतीतून पाणलोटाचं काम केलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खोदले, बांध घातले. पण गावालाही श्रमदान करावं लागलं, मोकाट चराई आणि कुऱ्हाड बंद करावी लागली.

संस्थेनं परदेशी देणगी घ्यायची तर त्याला 2010 चा कायदा आहे, एफसीआरए. धर्मादाय आयुक्तांचा कागद दाखवला म्हणजे झालं, असं नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाची वेगळी नोंदणी किंवा परवानगी लागते. नोंदणीची मुदत पाच वर्षं, म्हणून तारीखही बघा. 2020 च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच जमा होतो आणि दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. त्यामुळं ‘तुमच्या तरुण मंडळाच्या खात्यावर पाच लाख टाकतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा’ हे बोलणं नियमातच बसत नाही. कार्यालयीन खर्चालाही 20 टक्क्यांची मर्यादा आहे. तो हिशेब ग्रामसभेत खुशाल मागा.

संस्थेची एफसीआरए नोंदणी खरंच आहे का, याची आधी खात्री करून घ्या. ऑनलाइन फी भरून फसला असाल तर लगेच 1930 वर फोन करा.