विचेंझाचा धडा, लोट्याचं पाणी

उत्तर इटलीत विचेंझा शहराजवळ त्रिस्सिनो नावाचं गाव आहे. तिथे मितेनी कंपनीचा कारखाना होता. कापडाने पाणी धरू नये, भांड्याला अन्न चिकटू नये, यासाठी लागणारी ‘पीफास’ गटातली रसायनं तिथे तयार होत. ती जमिनीत मुरली आणि भूजलात उतरली. २०१३ साली उघड झालं की विचेंझा, व्हेरोना आणि पादोव्हा या तीन जिल्ह्यांत ती पिण्याच्या पाण्यात पोचली आहेत. तीन लाखांहून जास्त माणसं वर्षानुवर्षं ते पाणी पीत होती. पुढे मुलांच्या रक्ततपासणीचे अहवाल हातात पडले, तेव्हा आया संघटित होऊन रस्त्यावर उतरल्या.

हे सगळं मी खेड तालुक्यात बसून लिहिते आहे, त्याला कारण आहे. मितेनी २०१८ साली दिवाळखोरीत गेली. तिची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेतली आणि ती आमच्या लोटे-परशुराम एमआयडीसीत आली.

ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवलं. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध फार घट्ट असतो, हे फळ्यावर लिहून दिलं की मुलं पाठ करत. त्या एका ओळीत या रसायनांचं सारं बळ आहे. उन्हाने, पावसाने, जिवाणूंनी तो बंध सहजी तुटत नाही. म्हणूनच यांना ‘फॉरेव्हर केमिकल्स’ म्हणतात. याच गटातलं एक रसायन म्हणजे पीएफओए; शरीरात गेलेल्या पीएफओएची मात्रा निम्म्यावर यायलाच काही वर्षं लागतात.

परिणाम काय होतात, हे अमेरिकेत पार्कर्सबर्गच्या लोकांमुळे कळलं. ड्यूपाँटच्या कारखान्यातलं पीएफओए तिथल्या पाण्यात गेलं होतं. एका शेतकऱ्याची गुरं मरू लागली. वकील रॉब बिलॉट यांनी त्याचं प्रकरण हाती घेतलं. पुढे सुमारे ६९ हजार लोकांचं रक्त तपासलं गेलं. मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, गरोदरपणातला उच्च रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल, आतड्याचा एक आजार, यांच्याशी पीएफओएचा संबंध संभवतो, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. २०२४ साली अमेरिकेने पीएफओएची मर्यादा ठरवली: लिटरमागे ४ नॅनोग्रॅम. हिशेब करून पाहा. एक ग्रॅम पीएफओए २५ कोटी लिटर पाण्याला त्या मर्यादेवर नेऊन ठेवतं.

गावातल्या बायका विचारतात, “मॅडम, उकळून प्यायलं तर चालेल ना?” नाही चालणार. उकळताना पाण्याची वाफ होते, हे रसायन भांड्यातच राहतं. आरओ किंवा सक्रिय कोळशाचा फिल्टर ते बरंचसं अडवतो, पण वेळच्या वेळी बदलला तरच. आणि वाडीवस्तीवरच्या प्रत्येक घराने हा खर्च का सोसायचा? ग्रामपंचायतीच्या किटने हे रसायन सापडत नाही. अहवालात ‘फ्लोराइड’ लिहिलेलं असतं, ते वेगळं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, पीफासला मर्यादाच घातलेली नाही.

लोट्यात आज पाणी दूषित झालंय, असं मी म्हणत नाही. माझे कितीतरी विद्यार्थी त्या एमआयडीसीत नोकरी करतात. त्यांची चूल तिथल्या पगारावर पेटते. त्यांच्याच घरातल्या नळासाठी मी हे लिहिते आहे. इटलीत जून २०२५ मध्ये न्यायालयाने ११ जणांना शिक्षा ठोठावल्या. पण शिक्षेने कोणाच्या रक्तातलं रसायन निघून गेलं नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. जगबुडी आणि वाशिष्ठी या नद्या, दाभोळची खाडी आणि आसपासच्या विहिरी यांची पीफास तपासणी आत्ताच व्हावी, दरवर्षी व्हावी, आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. आजचा आकडा नोंदलेला नसेल, तर उद्या पाणी बिघडलं हे आपण कशाच्या आधारावर सिद्ध करणार?